तीन कार्बोरेटर, एक पंप: जुन्या हॉट रॉडमधला पेट्रोलचा प्रश्न

फोर्डच्या जुन्या व्ही-8 इंजिनावर एकाच्या जागी तीन कार्बोरेटर बसवले, तर तिघांना पेट्रोल पोचवायचं कसं? ऐकायला हा नळजोडणीचा किरकोळ प्रश्न वाटतो. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांमध्ये मात्र तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून घोळतो आहे आणि अलीकडे पुन्हा तापला आहे. पेट्रोल बदललं, पंप बदलले, कार्बोरेटर मात्र 1936 सालच्याच घडणीचे राहिले. दोन जाणते मिस्त्री एकाच इंजिनाकडे बघून उलटसुलट सल्ले देतात आणि गंमत म्हणजे दोघांच्याही गाड्या बऱ्या चालतात. या सल्ल्यांमागे काय आहे, त्यातलं मोजून पाहता येण्यासारखं किती आणि नुसती सवय किती, ते इथे क्रमाने पाहू.

मागची हकिकत

1932 साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-8 इंजिन दिलं. 221 घनइंच, 65 अश्वशक्ती. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला आणि वर नुसतं सपाट झाकण, म्हणून त्याचं नाव पडलं फ्लॅटहेड. त्याआधीच्या मॉडेल ए गाडीत टाकी डॅशबोर्डच्या पुढच्या बाजूला, उंचावर असायची. पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरायचं. 1932 च्या गाडीत टाकी मागे गेली आणि पेट्रोल ओढून आणायला इंजिनावर पंप आला. हा पंप कॅमशाफ्टवरून एका दांड्याने चालतो आणि कार्बोरेटर ज्यावर बसतो त्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर, गरम हवेत उभा असतो. पुढच्या निम्म्या भांडणांचं मूळ या जागेत आहे.

हॉट रॉड म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवं. जुनी, हलकी, स्वस्त गाडी घ्यायची, मडगार्ड वगैरे उतरवून टाकायची आणि इंजिनातून निघेल तेवढी ताकद काढायची. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं अशा गाड्या घेऊन म्युरॉक, रोझामंड, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर वेग आजमावायला जायची. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि वेगाची रीतसर नोंद होऊ लागली.

फोर्डने 1936 पासून व्ही-8 वर स्ट्रॉमबर्ग 97 हा दोन घशांचा कार्बोरेटर बसवला. घशाचा सर्वांत अरुंद भाग 0.97 इंचाचा, म्हणून 97. दोन-तीन वर्षांत फोर्डने तो सोडून 94 जातीचा कार्बोरेटर घेतला, आणि मोडीच्या बाजारात 97 कवडीमोलाने मिळू लागले. एक कार्बोरेटर इंजिनाला पुरेसा श्वास देत नाही हे सगळ्यांना कळत होतं. थोरल्या व्हिक एडलब्रॉकने त्या दशकाच्या अखेरीस दोन 97 बसतील असं 'स्लिंगशॉट' मॅनिफोल्ड ओतून घेतलं. युद्धाच्या आगेमागे एडी मेयर, फिल वायंड, बार्नी नव्हारो, ऑफेनहाउझर यांची दोन, तीन आणि पुढे चार कार्बोरेटरची मॅनिफोल्डं बाजारात आली. जानेवारी 1948 मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं आणि स्थानिक कारागिरी देशभर पोचली.

त्याच वर्षी एक वेगळी वाटही उघडली. स्टुअर्ट हिलबॉर्नने फ्लॅटहेडवर स्वतः बनवलेलं यांत्रिक इंजेक्शन लावलं आणि त्याच्या गाडीने एल मिराजच्या तळावर ताशी 150 मैलांचा टप्पा ओलांडला. कार्बोरेटरच नको, म्हणजे त्यांना पेट्रोल वाटायची कटकटही नको, हा त्याचा जबाब होता. रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो झेपणारा नव्हता.

मग कार कंपन्याही या खेळात उतरल्या. क्रायस्लरने 1955 च्या सी-300 मध्ये चार घशांचे दोन कार्बोरेटर लावून 300 अश्वशक्ती काढली. 1957 मध्ये ओल्ड्समोबिलने जे-2 आणि पॉन्टिअ‍ॅकने ट्राय-पॉवर या नावाने तीन-तीन कार्बोरेटर दिले. 1967 च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने, मुख्यतः कॉर्व्हेटचा अपवाद ठेवून, अनेक कार्बोरेटर बंद केले. कारखान्याने पंप, नळ्या, फ्लोट, लिंकेज ही सगळी जुळणी एका टेबलावर बसून आखली होती. हॉट रॉडवाला मात्र कार्बोरेटर एका भंगारातून, पंप दुसऱ्या भंगारातून आणि मॅनिफोल्ड ओळखीच्याकडून आणत होता. कारखान्याच्या गाड्यांत हा प्रश्न फारसा डोकं वर काढत नाही आणि घरी बांधलेल्या गाड्यांत हटकून काढतो, त्याचं कारण हेच असावं.

मुळात पेट्रोल लागतं किती?

वादात शिरण्याआधी हिशेब मांडलेला बरा, कारण बऱ्याच चर्चा तो न मांडताच होतात. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीला दर तासाला अदमासे अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पेट्रोल पितं. चांगलं मांडलेलं फ्लॅटहेड 150 अश्वशक्ती देतं असं धरू. तासाला 34 किलो झालं, म्हणजे सुमारे 46 लिटर. तीन कार्बोरेटरमध्ये वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला पाव लिटर. तेही अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून ठेवला तर. रस्त्यावर कुणी तासभर तसा दाबून ठेवत नाही.

मिनिटाला पाव लिटर म्हणजे काहीच नाही. 'तीन कार्बोरेटर आहेत, मोठा पंप हवाच' हे वाक्य हॉट रॉडच्या दुनियेत सर्रास ऐकू येतं आणि रस्त्यावरच्या फ्लॅटहेडपुरतं ते चूक आहे. कार्बोरेटर वाढल्याने तहान वाढत नाही. ती वाढते ताकदीने.

हवेचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. नंतरचं 239 घनइंचाचं फ्लॅटहेड मिनिटाला 5000 फेऱ्यांवर, 80 टक्के भरलं जातं असं धरलं, तर मिनिटाला साधारण 277 घनफूट हवा ओढतं. एका 97 मधून सुमारे 150 घनफूट जाते. म्हणजे दोन पुरतात. त्यातही एक मेख आहे. दोन घशांच्या कार्बोरेटरची क्षमता तीन इंच पाऱ्याच्या ओढीवर मोजतात आणि चार घशांच्या कार्बोरेटरची दीड इंचावर. 'तीन स्ट्रॉमबर्ग म्हणजे साडेचारशे' असं म्हणून त्याची तुलना आजच्या चार घशांच्या कार्बोरेटरशी केली, की गणित फसतं. त्या मापाने तिघांचे मिळून सव्वातीनशेच्या आसपास भरतात. तरीही तीन लावायला हरकत काही नाही. ते दिसतात झकास, आणि हॉट रॉडमध्ये दिसणं हाही इंजिनाचाच एक भाग असतो. 'अमेरिकन ग्राफिटी' या 1973 च्या चित्रपटातल्या पिवळ्या कूपेवर तर चार होते.

मिथेनॉल जाळणाऱ्या शर्यतीच्या गाडीला मात्र हा दिलासा लागू नाही. पेट्रोलला एका भागास चौदा-पंधरा भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आत. म्हणजे त्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं. जुन्या शर्यतवाल्यांचे मोठ्या नळ्या आणि मोठ्या पंपाचे सल्ले त्या जगातून आले आणि कुणी संदर्भ न बघता ते रस्त्यावरच्या गाड्यांना चिकटवले.

खरं दुखणं: दाब

कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोलची एक छोटी वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. पातळी वर आली की फ्लोट एका नीडलला वर ढकलतो, नीडल सीटच्या भोकात बसते आणि येणारं पेट्रोल थांबतं. सगळा कारभार या नीडलवर. फ्लोट खालून रेटतो, पंपाचा दाब वरून.

आकडे बघा. सीटचं भोक अडीच मिलिमीटरचं धरलं आणि पेट्रोल अडीच पीएसआय दाबाने आलं, तर नीडलवर जेमतेम साडेआठ-नऊ ग्रॅमचा भार येतो. पीएसआय म्हणजे टायरमध्ये हवा भरताना आपण जे तीस-बत्तीस म्हणतो तेच माप. दाब सहा झाला की भार वीस ग्रॅमच्या वर जातो. पितळी पत्र्याच्या पोकळ फ्लोटला हा फरक सोसत नाही. तो आणखी बुडतो, पातळी चढते. स्ट्रॉमबर्ग 97 मध्ये पेट्रोलची पातळी वाटीच्या काठापासून 15/32 इंच, म्हणजे जेमतेम बारा मिलिमीटर खाली हवी. ती चढली की मधल्या नळीतून पेट्रोल मागितल्याशिवायच घशात ठिबकायला लागतं. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डवर ओला डाग, थ्रॉटलच्या दांड्याभोवती तांबूस किटण, प्लग काळे, आणि गरम इंजिन पुन्हा चालू करताना गाडी गुदमरते. 97 गळका आहे अशी जी बदनामी आहे, तिच्यातला मोठा वाटा कार्बोरेटरचा नसून दाबाचा आहे, याबद्दल आज जाणकारांत जवळपास एकमत आहे. 97 ला अडीच-पावणेतीन पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये, हेही सर्वमान्य.

तिथवर कसं पोचायचं, यावर मात्र मतं फुटतात.

पहिला पक्ष म्हणतो, रेग्युलेटर लावा आणि विषय संपवा. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये दाब कमी करणारं यंत्र, शेजारी एक गेज. दुसरा पक्ष म्हणतो, डायल फिरवायचे स्वस्त रेग्युलेटर तीन पीएसआयच्या खाली भरवशाचे नसतात. शिवाय यांत्रिक पंपाचे हिसके त्यांना सरळ करता येत नाहीत. त्यापेक्षा पंपच असा घ्या की दाब मुळातच कमी. तिसऱ्या पक्षाचं लक्ष नीडलवर. स्प्रिंग असलेली किंवा गोळीची नीडल-सीट लावली, की थोडा जास्त दाबही पेलतो. गोळीच्या सीटचे चाहते तिला डोक्यावर घेतात, आणि बारीकसा कचरा अडकला तरी ती गळते म्हणून काढून टाकणारेही तेवढेच भेटतात. दोघांच्या अनुभवातला फरक बहुधा गाळणीत आहे. स्ट्रॉमबर्ग 97 आता पुन्हा नव्याने बनतात आणि त्यांच्यासाठी सुधारलेल्या सीटही मिळतात, त्यामुळे या वादाची धार थोडी बोथट झाली आहे.

गेजबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. द्रव भरलेलं छोटं गेज इंजिनाच्या उष्णतेने चुकीचं दाखवतं. थंड असताना अडीच दाखवणारा काटा गरम झाल्यावर दीडवर येतो, मालक घाबरून दाब वाढवतो आणि गळती सुरू होते. गेज मोजणीपुरतं लावावं आणि काढून ठेवावं, हा सल्ला मला पटतो.

पंप कुठला

यांत्रिक पंपाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. इंजिन थांबलं की पंप थांबतो. अपघातात पेट्रोल उडत राहत नाही. वायरिंग नाही, आवाज नाही, आणि जुन्या इंजिनावर जुनाच पंप शोभतो. मूळ फोर्ड पंपाचा दाबही कार्बोरेटरला झेपणारा होता. अडचण नव्याने बनवलेल्या नकली पंपांची. त्यातले अनेक गेज लावून पाहिले तर पाच-सहा पीएसआय देतात. पंपाच्या बुडाशी जादा गॅस्केट घालून किंवा दांडा किंचित घासून त्याचा फेरा कमी करायचा, हा त्यावरचा जुना तोडगा. काही मिस्त्री त्याला जुगाड म्हणून नाक मुरडतात, पण तो लागू पडतो.

विजेच्या पंपाची बाजूही भक्कम आहे. पंप टाकीजवळ बसतो, म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं आणि नळीत वाफ धरण्याची शक्यता घटते. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या वाट्या सुकलेल्या असतात. विजेचा पंप त्या आधी भरून घेतो, स्टार्टर बिचारा झिजत नाही. विरोध दोन कारणांनी होतो. कमी दाबाचा पंप न घेता शर्यतीचा सात पीएसआयवाला घेतला जातो आणि पुन्हा रेग्युलेटरची कथा सुरू होते. दुसरं कारण सुरक्षेचं. इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहिला, तर नळी तुटल्यावर तो आगीत पेट्रोल ओतत राहील. ऑइलचा दाब गेला किंवा धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा स्विच हा त्यावरचा उपाय, आणि इथे पर्याय नाही. हा स्विच न लावणाऱ्याच्या बाजूने बोलणारं कुणी सापडत नाही.

हल्ली अनेक जण दोन्ही ठेवतात: यांत्रिक पंप रोजच्यासाठी, मागचा विजेचा पंप फक्त सुरू करताना आणि उन्हात. कट्टर लोक याला अर्धवटपणा म्हणतात.

नळ्यांचे पंथ

सगळ्यात जास्त शाई इथे सांडली आहे. रचना तीन प्रकारच्या.

पहिली मालिका: पंपातून नळी पहिल्या कार्बोरेटरला, तिथून दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. दुसरी समांतर: पंपातून एका ठोकळ्यात, ठोकळ्यातून प्रत्येक कार्बोरेटरला स्वतंत्र नळी. डॅशबोर्डच्या पुढच्या पत्र्यावर चकचकीत ठोकळा आणि त्यातून निघालेल्या सारख्या लांबीच्या नळ्या, हे चाळीस-पन्नासच्या दशकातल्या हॉट रॉडचं ओळखचिन्हच. पुढे 'मून' डोळ्यांच्या बोधचिन्हामुळे प्रसिद्ध झालेल्या डीन मूनने सुरुवातीला विकलेल्या वस्तूंत हा ठोकळा होता. तिसरी रचना परतीची: पेट्रोल कार्बोरेटरांपाशी येतं, जे लागतं ते उतरतं आणि उरलेलं वेगळ्या नळीने टाकीत परत जातं.

समांतर पंथाचं म्हणणं, मालिकेत शेवटच्या कार्बोरेटरला दाब कमी मिळतो. हे मोजून पाहण्याजोगं आहे. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून तासाला 46 लिटर पेट्रोल जाताना मीटरभर लांबीत दाब पडतो पीएसआयच्या शतांशांत, सात-आठ शतांश. दोन कार्बोरेटरमधलं अंतर वीतभर. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक नीडलला जाणवणारही नाही. हाच हिशेब 400 अश्वशक्तीच्या इंजिनाला लावला तर मीटरमागे अर्ध्या पीएसआयच्या जवळ जातो, आणि मिथेनॉल असेल तर त्याच्या कितीतरी पुढे. तिथे ठोकळा किंवा जाड नळी हवीच. तेव्हा माझ्या मते दाबाच्या मुद्द्यावर रस्त्यावरच्या फ्लॅटहेडसाठी मालिका आणि समांतर यांत निवड करण्यासारखं काही नाही.

पण समांतर पंथाचा दुसरा मुद्दा इतक्या सहज मोडीत काढता येत नाही. यांत्रिक पंप सतत ढकलत नाही, ठोके देतो. ते ठोके मालिकेत आधी पहिल्या कार्बोरेटरच्या नीडलवर आदळतात, तिथली पातळी इतरांपेक्षा वेगळी राहते, असं ते सांगतात. ठोकळा किंवा हवा धरून ठेवणारी उभी नळी हे ठोके थोडे शोषते. मालिकावाल्यांचं उत्तर: जोड जितके कमी तितकी गळती कमी, आणि तीन कार्बोरेटरच्या ठोकळ्याला जोडांची संख्या पाहा. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

परतीच्या नळीला शर्यतीपेक्षा रस्त्यावरचे लोक अधिक मानतात. पेट्रोल फिरत राहिलं की इंजिनाजवळ तापत नाही आणि वाफेचा बुडबुडा टाकीकडे निघून जातो. तोटा असा की नळीचं भोक चुकलं, मोठं ठेवलं, तर दाबच उरत नाही. आणि पत्र्याच्या जुन्या टाकीला नवा जोड द्यायला अनेकांचा हात धजावत नाही.

शर्यतीच्या हलक्या गाड्यांनी चौथा मार्गही वापरला. छोटी अ‍ॅल्युमिनियमची टाकी पुढे बसवायची आणि हातपंपाने तिच्यात हवा भरून पेट्रोल दाबाखाली पाठवायचं. पंपच नको. रस्त्यावरच्या गाडीत याला जागा नाही, पण एक गोष्ट यातून कळते. मॉडेल ए मधल्या दोन फूट उंचावरच्या टाकीने दाब मिळायचा तो पाऊण पीएसआयच्याही आत, आणि इंजिन सुखाने चालायचं. दाबाचा हव्यास नंतर आला.

लिंकेजचा संबंध

तिन्ही कार्बोरेटर एकदम उघडायचे, की मधला आधी आणि कडेचे मागून? हा वाद खरं तर अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्यांचा, पण त्याचा पेट्रोलशी थेट संबंध आहे. मागून उघडणाऱ्या रचनेत कडेच्या वाट्यांमधलं पेट्रोल दिवसेंदिवस हलत नाही. ते उडतं, घट्ट होतं, नीडल चिकटते. आणि ज्या दिवशी जोरात दाबलं जातं, त्याच दिवशी ती उघडी अडकून पूर येतो. एकदम उघडण्याच्या रचनेत ही भानगड नाही, पण तिन्हींची आयडल आणि हवा एकसारखी लावत बसावं लागतं. आपल्याकडच्या राजदूत 350 च्या मालकांना दोन मिकुनी कार्बोरेटरचा मेळ घालताना काय होतं ते ठाऊक आहे. इथे एक आणखी आहे, आणि पेट्रोल वरून उतरत नाही, पंपातून येतं.

94 जातीचे तीन लावले तर त्यांच्या पॉवर व्हॉल्व्हचाही प्रश्न येतो. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. जास्त ताकदीसाठीचा कॅम बसवला की आयडलवरच ओढ कमी पडते, व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि गाडी आयडलवरच जादा पेट्रोल ओढते. कडेच्या दोन्हींचे व्हॉल्व्ह बंद करून टाकायचे, ही रूढ पद्धत. 97 मध्ये तोच व्हॉल्व्ह दांड्याने उघडतो, म्हणून ही अडचण नाही. त्याच्या चाहत्यांचं हे आवडतं शस्त्र.

उष्णता, आणि आता इथेनॉल

फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकमधून, पाण्याच्या अंगाने बाहेर जातात. इंजिन तापतं, वर बसलेला पंप तापतो, मॅनिफोल्डवरचे कार्बोरेटर तापतात. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असतो, म्हणून तिथे पेट्रोल आधी उकळतं. मग चढावर, ट्रॅफिकमध्ये गाडी बंद. आपले मिस्त्री याला एअर लॉक म्हणतात. नळीला लाकडी कपड्याचे चिमटे लावायचे, हा अमेरिकेतला जुना घरगुती इलाज. त्याने उष्णता खरंच निघते की चिमटे लावेपर्यंत इंजिन आपोआप निवतं, हा प्रश्न विनोदात विचारला जातो, पण तो रास्त आहे.

इथेनॉलने हे दुखणं वाढवलं. अमेरिकेत दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सर्वत्र आहे. थोड्या प्रमाणात मिसळलेलं इथेनॉल पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढवतं. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे तेच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, थोडं पातळ मिश्रण देतं, साधारण चार टक्क्यांनी. जुने रबर आणि कॉर्क त्यात फुगतात, सुटतात; सुटलेले कण नीडलमध्ये जाऊन बसतात. एका बाजूचं मत, जेट एक नंबर मोठं करा, रबर बदला, काम झालं. दुसऱ्या बाजूचं मत, इथेनॉल नसलेलं पेट्रोल शोधून तेच घाला, भले दर दुप्पट पडो. भारतात हा दुसरा रस्ता अवघड, कारण आपलं साधं पेट्रोल आता वीस टक्क्यांच्या मिश्रणापर्यंत पोचलं आहे. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसॅडर सांभाळणाऱ्यांना अमेरिकन हॉट रॉडवाल्यांच्या या चर्चेतून घेण्यासारखं काही असेल, तर ते रबर आणि गाळणीबद्दलचं.

रूप आणि आग

जुन्या गाडीत जुनंच दिसायला हवं, हा आग्रह पेट्रोलच्या नळीपर्यंत येतो. तांब्याची नळी सुंदर दिसते, वाकवायला सोपी. पण हादऱ्यांनी कडक होते आणि जोडापाशी तडकते. म्हणून पोलादी नळी वापरा, हे आता बहुसंख्यांना मान्य आहे. काचेच्या भांड्याची गाळणी मात्र मान्य-अमान्यतेच्या मधोमध आहे. आतला कचरा दिसतो हा तिचा गुण, आणि गरम एक्झॉस्टजवळ काच ठेवली आहे हा तिचा दोष.

कार्बोरेटरसारखं दिसणारं आणि आतून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असलेलं यंत्रही आता मिळतं. त्याला चाळीस-पन्नास पीएसआय लागतात, म्हणजे नळ्या-जोड सगळं नव्याने. फ्लोट, नीडल, पातळी, तिन्ही प्रश्न एका झटक्यात संपतात. कट्टर मंडळींना ते पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे: जी गोष्ट जुळवून आणण्यात मजा होती, तीच काढून टाकली.

उरलेलं

दाबाची मर्यादा, सुरक्षेचा स्विच, पोलादी नळी, चांगली गाळणी, यांवर आता वाद नाही. ठोकळा की मालिका, हा रस्त्यावरच्या गाडीसाठी बराचसा आवडीचा प्रश्न आहे. पंपाच्या ठोक्यांचा पातळीवर नेमका किती परिणाम होतो आणि परतीची नळी उष्णतेत किती डिग्रीचा फायदा देते, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंकडे अनुभव आहेत आणि मोजमापं तुटपुंजी. एकच इंजिन, एकच पेट्रोल, एकच उन्हाळा ठेवून तिन्ही रचना आलटून-पालटून तपासल्या तर उत्तर निघेल. पण प्रत्येक जण आपली गाडी चालायला लागली की पाने-पकडी खाली ठेवतो.

मोजायची इच्छा असलेल्यांपुढे फ्लॅटहेडने स्वतःच एक अडचण ठेवली आहे. तीन कार्बोरेटर प्रत्येक सिलिंडरला किती मिश्रण देतात, हे आज एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर घालून कळतं. पण या इंजिनाच्या एका बाजूला चार सिलिंडर आणि एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोघांचा धूर एकाच वाटेने बाहेर येतो. म्हणजे आठांपैकी चार सिलिंडरांचा हिशेब सेन्सरने वेगळा लागतच नाही. तिथे पुन्हा प्लग काढून त्यांचा रंग बघायचा, एवढंच हाती राहतं.